किमान एक ओळ

(दुर्गापुरा, जयपूर. २००७ सालची संक्रांत, दुपारची वेळ. सुधा जगदाळे यांच्या घरातली पुढची खोली. कोपऱ्यात कंप्युटर, त्यासमोर तीन खुर्च्यांवर सुधा, त्यांची मुलगी तनया आणि मराठी मंडळाची वधूवर साइट बनवणारा कौशिक. गच्च्यांवरून पतंगवाल्यांचा ओरडा येतोय.)

सुधा: मग त्या सगळ्या पोरी गेल्या कुठं?

कौशिक: कोणाच्या पोरी, काकू?

सुधा: कोट्याच्या भोईट्यांच्या. एक मुलगा, सात बहिणी. मागच्या रविवारी तू गेल्यावर मी चष्मा लावून बसले आणि एकेक बहीण भरत आले. नाव, वय, लग्न झालंय का, झालं असलं तर कुणाकडे दिली. सहा भरल्या. सातवीसाठी तुझं ते ‘आणखी एक जोडा’ दाबलं आणि पान पांढरंफटक! भोईट्यांना एकेक पोर उजवताना नाकी नऊ आले, तुझ्या बटणानं एका दमात उजवल्या.

कौशिक: अरे बाप्पा! ते जुनं होतं ना काकू. बटण दाबलं की अख्खं पान सर्व्हरकडे जायचं अन् कोरं होऊन परत यायचं. आता पान जागचं हलत नाही. फक्त खाली एक नवी ओळ उघडते. दाबून पाहा तुम्ही.

सुधा: दाबते. सकाळीच सहा जणी पुन्हा भरून ठेवल्यात. आता गेल्या तर आज गुळपोळी नाही, सांगून ठेवते.

तनया: आई, त्याला धमकी नको देऊ. फ्रीमधे काम करतोय बेचारा.

सुधा: फ्रीमधे कुठं? दिवाळीपासून दर रविवारी जगतपुऱ्याहून येऊन जेवतोय. आणि तू गं? तू कधीपासून काळी साडी नेसायला लागलीस? दर संक्रांतीला मी मागं लागायची आणि तू म्हणायचीस, जयपुरात सणाला काळं कोण नेसतं, मैत्रिणी हसतात.

तनया: असंच. मन झालं.

सुधा: हं. मन झालं. कौशिक, तू इकडं बघ, कंप्युटरकडं.

कौशिक: मी कुठं... मी तर माऊस शोधून राहिलो होतो.

सुधा: माऊस तुझ्या हातातच आहे, लेका. हं, दाबलं. आली की रे ओळ! आणि वरच्या सहाही जागेवर. शाबास. आता एखादी काढून बघते. तिसरी काढते. गेल्या वेळी मी तिसरी काढली तर शेवटची गेली होती.

कौशिक: कारण मी ओळींना नंबर दिले होते ना. तिसरी काढली की चौथीचा नंबर तीन व्हायचा, पाचवीचा चार, अन् शेवटचा नंबर रिकामा दिसला की तीच उडायची. आता प्रत्येक ओळीला जन्मतःच तिची तिची खूण आहे. वर जाऊ द्या, खाली जाऊ द्या, खूण बदलत नाही.

सुधा: बरोबर. बहीण ती बहीण, तिचा नंबर कशाला बदलेल? गेली बघ, तिसरीच गेली. आणि हे काय, ‘परत आणा’?

कौशिक: चुकून काढली असेल तर. दाबलं की जशीच्या तशी परत येते.

सुधा: अरे, हे बटण लग्नाला पण पाहिजे होतं. गेल्या वर्षी अजमेरचं जमलेलं मोडलं, मुलगा आता रोज फोन करतो, काकू, परत जुळवा. दिवाळीला तर तू पाच ओळी कायमच्याच आखून ठेवल्या होत्यास, आठवतं? भोईट्यांच्या दोन पोरी बाहेर राहिल्या, आणि त्या पाटणकरबाई, एकुलत्या एका मुलाची आई, पाचही ओळी रिकाम्या बघून मलाच म्हणाल्या, आमच्यात काही कमी आहे असं दाखवता काय?

तनया: मग तू म्हणालीस, आधी विचार, भावंडं किती. आणि पाटणकर आँटीने आठ लिहिलं, कारण त्यांनी चचेरे-ममेरे सगळे मोजले!

कौशिक: अन् आठ ओळी उघडल्या म्हणून पुन्हा भांडण.

सुधा: हसू नका. पंधरा वर्षं मंडळाचं वधूवर मी सांभाळते, कागदाच्या फॉर्मवर. जयपूर, कोटा, अजमेर, जोधपूर, जिथं जिथं बदली होऊन मराठी माणूस आलाय तिथनं मला पत्रं येतात. आज संध्याकाळी तिळगुळाला सगळे मंडळात जमतील, तिथं ही साइट चालू करायची. मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरराव म्हणालेत, चार माणसांसमोर बंद पडली तर पुन्हा कागद. म्हणून विचारते, पहिल्या नावाला काही गडबड नाही ना व्हायची?

कौशिक: पहिलं नाव म्हणजे... भोईट्यांचं?

सुधा: भोईटे कशाला? पहिलं नाव आपल्या तनयाचं. घरचंच कार्य. सगळ्यांसमोर मी स्वतः भरणार.

तनया: आई, मी अजून हो म्हटलं नाहीये.

सुधा: नाही पण म्हटलेलं नाहीस. चोवीस पूर्ण झाली. महिन्याभरात पुण्या-साताऱ्याकडची दहा-बारा स्थळं येतील बघ. काय रे कौशिक, घाम कसला आला तुला? जानेवारी आहे.

कौशिक: ते... कंप्युटर गरम होतो ना काकू.

सुधा: आणि मी सांगितलं होतं ते केलंस? मामेकुळ आणि पाहुणे?

कौशिक: केलं. मामांचं नाव-गाव वर, अन् खाली पाहुणे. आडनाव, गाव, नातं. पाहिजे तितके जोडा. दोन्हीवर लाल तारा आहे. किमान एक ओळ भरली नाही तर फॉर्म पुढे जात नाही.

सुधा: अस्सं. हल्ली पोरं उंची लिहितात, पगार लिहितात, आवडनिवड लिहितात, आणि मामा कोण ते गाळतात. पाहुणे कळल्याशिवाय माणूस कळतो होय? बरं, माझी कणीक भिजलीय. तनया, तू इथं बस त्याच्याजवळ, काही अडलं तर बघ. मी पोळ्या लाटून येते.

तनया: गेली. बोल आता. आज सांगणार होतास तू.

कौशिक: सांगतो ना.

तनया: कधी? माझं नाव साइटवर गेल्यावर? ‘तनया जगदाळे, वय चोवीस, उंची पाच दोन, सरसोंच्या शेतात नोकरी.’

कौशिक: मोहरी.

तनया: काय?

कौशिक: सरसों नाही, मोहरी. संशोधन केंद्रात मोहरीवर काम करते, असं लिहू.

तनया: कौशिक! मी इथे साडीत अडकून बसलीय, तुझ्यासाठी, आणि तू मला ट्रान्सलेशन सांगतोय?

कौशिक: हळू ना. लाटण्याचा आवाज थांबला की काकू ऐकतात. साडी चांगली दिसून राहिली तसं.

तनया: ते माहितीय मला. मुद्द्यावर ये.

कौशिक: मुद्दा इथं आहे. हे पाहा, या दोन ओळी. मामेकुळ अन् पाहुणे. हे लाल तारे मी बसवले, माझ्या हातानं. अन् मला स्वतःला त्यात एक नाव भरता येत नाही.

तनया: ते तू सांगितलं होतं. तुझ्या आईबाबांचं लग्न घरी पसंत नव्हतं.

कौशिक: पसंत नव्हतं हे फार सभ्य झालं. जातीबाहेर केलं म्हणून आजोबांनी आईच्या नावानं आंघोळ केली. बाबांच्या घरून लग्नाची पत्रिका न उघडता परत आली. मला मामा आहेत, दोन आहेत म्हणे, पण रस्त्यात समोर आले तर मी ओळखणार नाही.

तनया: तो क्या? त्यात तुझी काय चूक?

कौशिक: चूक नाही गं. पण काकूंचा पहिला प्रश्न काय असतो?

तनया: ‘पाहुणे कोण?’

कौशिक: झालं मग. अन् त्या वाईट मनानं विचारत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. ‘तू चांगला पोरगा आहेस पण’ असं म्हणतील. त्या ‘पण’च्या पुढचं मला ऐकायचं नाही.

तनया: मग तारा काढून टाक. एक मिनिटाचं काम आहे.

कौशिक: त्या पोळ्या लाटत असताना चोरून काढू? अन् मग त्यांच्याच घरी पोरगी मागायला उभा राहू?

तनया: तर काय करणार?

कौशिक: गुळपोळी खाऊन सांगतो.

तनया: डरपोक.

कौशिक: आहे ना. माणसांशी बोलता आलं असतं तर कंप्युटर काहून शिकलो असतो?

सुधा: काय शिकला असतास म्हणे?

तनया: काही नाही आई. झाल्या पोळ्या?

सुधा: लाटून झाल्या, भाजायला कामाला येणारी मीराबाई बसलीय. तुमच्या कुजबुजीनं माझी पहिली पोळी फाटली. हां, चल, आता शेवटची परीक्षा. एक खरी माहिती वरपासून खालपर्यंत भरून दाखव. अबकड नको. मोरेश्वररावांना खऱ्या माणसाचं नाव दिसलं पाहिजे.

कौशिक: कोणाची भरू?

सुधा: तुझीच. का? लग्नाचा नाहीस?

तनया: आई, भोईट्यांची भर ना.

सुधा: भोईट्यांच्या सात पोरी मी दोनदा उजवल्या, आता दमले. भर रे. नाव, कौशिक. जन्म, नागपूर. शिक्षण, ठीक. आता भावंडं.

कौशिक: एकच. निशिगंधा, धाकटी, बी.एड. करून राहिली.

सुधा: मग ही दुसरी ओळ उघडीच राहिली. ती लाल होऊन भांडेल ना?

कौशिक: नाही काकू. चुकून उघडली अन् रिकामी राहिली तर फॉर्म ती मोजत नाही. उघडी ओळ दिसली की माणसाला वाटतं, आपण भरायलाच पाहिजे. ते वाटू नये म्हणून.

सुधा: चांगलं केलंस. चल पुढं, दाब. हे काय आलं लाल?

कौशिक: ‘मामेकुळ: कृपया किमान एक ओळ भरा.’

सुधा: भर की मग. कुठले मामा तुझे?

तनया: आई, चहा करू?

सुधा: दोनदा झालाय. मी त्याला विचारतेय. कौशिक, अरे, मामा कुठले?

कौशिक: काकू, मला मामा नाहीत. म्हणजे आहेत. भरता येत नाहीत.

सुधा: म्हणजे?

कौशिक: आईनं जातीबाहेर लग्न केलं. तेव्हापासून तिचं माहेर तुटलं अन् बाबांचं घरही तुटलं. आम्ही चौघं, बस. खालच्या पाहुण्यांच्या ओळीतही माझ्याकडे लिहायला काही नाही. तुम्ही तारा लावायला सांगितलं त्या दिवशीच सांगायचं होतं. मी लावून मोकळा झालो, कारण सांगायची हिंमत नाही झाली.

सुधा: दोन्हीकडून कुणीच नाही?

कौशिक: नाही.

सुधा: सणावाराला?

कौशिक: नाही ना. आई दर संक्रांतीला वाण आणून शेजारच्या बायकांना देते. तिच्या माहेरचं कधी काही आलं नाही. फोन वाजला की आधी ती पाहते, कोणाचा आहे. अजूनही पाहते.



तनया: आई, काहीतरी बोल ना.

सुधा: काय बोलू? मला हे ठाऊक नव्हतं. बाकी सगळं ठाऊक होतं, हे नव्हतं.

कौशिक: बाकी सगळं?

सुधा: ते राहू दे आत्ता. बघ कौशिक, मी पाहुणे विचारते ते मोठेपणा मिरवायला नाही विचारत. दोन कारणं असतात. एक म्हणजे चौकशी करता येते. मुलगा पितो का, सासू बोलते कशी, हे फॉर्मवर कोण लिहितंय? ते पाहुण्यांकडनंच कळतं. आणि दुसरं, उद्या पोरीवर काही वेळ आली तर तिला ठोठवायला चार दारं पाहिजेत. नवराबायको दोघंच कितीही चांगली असली तरी दुखण्याखुपण्याला माणूस लागतं. मला वाटतं ते मी सांगते. तुला वाईट वाटलं तरी सांगते.

कौशिक: वाईट नाही वाटलं. खरं आहे तुमचं.

तनया: काय खरं आहे? आई, मी झाली तेव्हा तुझे कोणते पाहुणे आले होते?

सुधा: मी कुठं काय म्हटलं—

तनया: नाही, सांग ना. तूच दर वाढदिवसाला सांगतेस. बाबा बँकेच्या ऑडिटला बीकानेरला, कराडहून येणारी आजी गाडीत, आणि दवाखान्यात तुझ्याजवळ कोण होतं?

सुधा: समोरच्या भाभीसा.

तनया: किती दिवस?

सुधा: घरी येईपर्यंत. आणि नंतर महिनाभर डिंकाचे लाडू त्यांच्याच घरचे. मला तर त्यांची भाषा सुद्धा कळायची नाही तेव्हा. त्या मारवाडीत बोलायच्या, मी मराठीत रडायची.

तनया: त्यांचं नाव कोणत्या ओळीत लिहिशील तू? मामेकुळ की पाहुणे?

सुधा: बापावर गेलीस. बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतेस.

तनया: मी नाही, तूच सांगितलेली गोष्ट आहे.

सुधा: कळलं गं. कौशिक, मला सांग, तुझ्या घरी कुणी आजारी पडलं की काय करता?

कौशिक: तीन वर्षांपूर्वी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मी इथं नवीन नोकरीवर होतो, पोचायला दोन दिवस लागले. तोवर आमच्या मागच्या गल्लीतले देवरामकाका दवाखान्यातून हलले नाहीत. रक्त पाहिजे होतं, ते बाबांच्या शाळेतले शामराव सर वर्गातली जुनी पोरं घेऊन आले. बाबांचे विद्यार्थी, आता कोणी रिक्षा चालवतो, कोणी वकील आहे. रांग लागली होती म्हणे. नर्स म्हणाली, केवढं मोठं खटलं आहे तुमचं!

सुधा: मग भर की ते.

कौशिक: काय?

सुधा: नावं. देवराम. शामराव. भर पाहुण्यांच्या ओळीत. का, तुझं बटण फक्त भोईट्यांसाठी आहे?

कौशिक: पण काकू, नात्याच्या खान्यात यादी आहे. आत्या, मावशी, काका, मेहुणे. ‘शेजारी’ त्यात नाही. तुम्हीच यादी दिली होती.

सुधा: मग काढ यादी. मोकळी जागा ठेव, ज्याला जे लिहायचं ते लिहील. किती वेळ लागतो?

कौशिक: हे झालं.

सुधा: एवढंच होतं? आणि मी पंधरा वर्षं छापील फॉर्म वाटत बसले. हं, बोल मोठ्यानं, मला ऐकू दे.

कौशिक: देवराम काका. नागपूर. नातं... ‘दवाखान्यात होते ते’ असं लिहू?

सुधा: लिही. पुढं.

कौशिक: आणखी एक जोडा. शामराव सर, बाबांचे मित्र. आणखी एक. आईच्या शाळेतल्या वैद्य बाई, निशिगंधाच्या दहावीला आमच्याच घरी राहायला होत्या. आणखी एक. खालच्या मजल्यावरच्या बेगमचाची, ईदला अन् दिवाळीला दोन्हीकडचा डबा त्यांचाच. आणखी...

तनया: बघ आई, थांबतच नाहीये. भोईट्यांना मागे टाकणार हा.

सुधा: नाक पूस रे आधी, की-बोर्डवर पडेल. ही गुळाची वाफ डोळ्यात जाते, माझ्याही गेली. बरं, पाहुणे झाले. आता मामा राहिला. तारा तसाच आहे तो.

कौशिक: तो काढू का, काकू?

सुधा: काढायचा कशाला? बोहल्यावर पाठीशी मामा उभा लागतो. असं कर, ह्यांचं नाव घाल. नंदकिशोर जगदाळे, दुर्गापुरा, जयपूर. सकाळपासून गच्चीवर चढून पतंग उडवताहेत आणि बोटं कापून घेताहेत, पण मामा म्हणून उभे करायला वाईट नाही दिसत.

कौशिक: नको काकू.

सुधा: का? आम्ही मामा-मामी म्हणून शोभत नाही?

कौशिक: तसं नाही. तुम्ही म्हणालात हेच खूप आहे. पण मामा नको. दुसरं काहीही लिहा.

सुधा: मी लिहितेच. सरक. नं... द...

तनया: आई, मामा नाही! डिलीट कर! मामा लिहिलं तर मी याची बहीण होते!

सुधा: तू? मी मामाचं नाव लिहितेय. त्यात तू कुठनं आलीस?

तनया: मी... मी चहा टाकते.

सुधा: काय रे कौशिक, ही कुठनं आली मधे?

कौशिक: काकू, मी सांगणार होतो. गुळपोळी खाऊन.

सुधा: गुळपोळी खाऊन! तीन महिने माझी पिठलं-भाकरी खाऊन सांगता आलं नाही, ते आज गुळपोळी खाऊन सांगणार होता! अरे, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते उगीच नाही.

तनया: मतलब?

सुधा: मतलब, जावई माझ्या खुर्चीत बसलाय आणि मी त्याच्याकडनंच साइट करून घेतेय, जावई शोधायला. मला काय आंधळी समजलात? एरवी हिला रविवारी दहाला उठवावं लागायचं. दिवाळीपासून आठला न्हाऊन तयार. दर रविवारी ह्या फॉर्ममधे नवीन काहीतरी बिघडतंय, आणि दर रविवारी ते दुरुस्त करायला हिला शेजारी बसावं लागतंय. म्हटलं, आज तिचं नाव घालते म्हणून दम दिला तर एकजण तरी तोंड उघडेल.

कौशिक: म्हणजे तुम्ही खरंच घालणार नव्हता?

सुधा: तू गप्प बसला असतास तर घातलं असतं. जो माझ्यासमोर तोंड उघडत नाही तो तिच्यासाठी कुणाशी काय भांडणार? पण तू ती मामांची गोष्ट सांगितलीस. ती सांगायला जड होती, हे कळतं मला.

तनया: आई, म्हणजे हो?

सुधा: तुझ्या बापाला पतंगावरनं खाली येऊ दे. ते आधी फुगतील, मग मला विचारतील, तुझं काय मत? दरवेळी तसंच होतं. आणि काय गं, बहीण बहीण करून केवढी किंचाळलीस! आपल्याकडं देशावर मामाची मुलगी करतात. माझ्या काकानं मामाचीच मुलगी केली.

तनया: छी! सच में?

सुधा: सच में. जयपुरात वाढलीस म्हणून तुला ते कसंतरी वाटतं. पण राहू दे, मामा नकोच. ते ‘नं’ पुसलं मी. कौशिक, तो तारा काढ.

कौशिक: माझ्यापुरता काढता येणार नाही काकू. काढला तर सगळ्यांचाच निघेल.

सुधा: सगळ्यांचाच काढ. ज्याला मामा आहे तो लिहील. ज्याला नाही त्याला लाल अक्षरात विचारणारे आपण कोण?

कौशिक: अन् पाहुण्यांचा?

सुधा: तो पण काढ. माणूस सांगेल त्याला सांगायचं तेव्हा.

कौशिक: काढले. आता पाहा, दाबतो. गेला फॉर्म. ‘आपली माहिती जतन झाली आहे.’

तनया: संध्याकाळी पहिलं नाव कुणाचं दिसणार मग?

सुधा: भोईट्यांचं. सात बहिणींचा भाऊ, त्याचं आधी बघायला पाहिजे. आणि हिचं नाव का नाही असं विचारलं तर मी मोरेश्वररावांना सांगेन, दुर्गापुऱ्याच्या मुलींसाठी बटण अजून चालत नाही म्हणून.

कौशिक: पण काकू, बटण चालतंय ना. मी सगळीकडून तपासलंय.

सुधा: ते तुला ठाऊक, मला ठाऊक. शहाणा माणूस सगळं बोलून दाखवत नाही. आता तुझ्या त्या फॉर्ममधे घरचा फोन नंबर आहे ना, वरच्या भागात? तो वाच.

कौशिक: कशाला?

सुधा: वाच म्हटलं ना. आज संक्रांत आहे. तनया, फोन इकडं दे. एसटीडीचं कुलूप उघड, किल्ली देवाजवळ आहे. आणि मीराबाईला सांग, गॅस बारीक कर. हं, बोल कौशिक.

कौशिक: शून्य सात एक दोन, पुढे बावीस... काकू, तुम्ही काय सांगणार तिला? ती घाबरेल. अनोळखी आवाज ऐकला की तिला वाटतं, काही झालं.

सुधा: तू नंबर सांग. घाबरणार नाही. वाजतोय... उचलला. हॅलो? कौशिकच्या आई का? नाही नाही, तो छान आहे, इथं माझ्यासमोर बसून गूळ खातोय. तुम्ही मला ओळखत नाही. मी सुधा. जयपूरहून तुमची पाहुणी बोलतेय.